गोळी खरंच लागते का?

"डॉक्टरांनी लिहून दिल्यात गं, पण सुरू करू का?" हा प्रश्न हल्ली कट्ट्यावर बऱ्याचदा ऐकू येतो, पण दबक्या आवाजात. चिठ्ठी बॅगेच्या आतल्या कप्प्यात घडी घालून ठेवलेली असते. आठवडा होऊन गेलेला असतो. रूममेट म्हणते, "घे की, माझ्या मावसबहिणीला महिन्याभरात फरक पडला." आई फोनवर सांगते, "गोळ्या-बिळ्या नकोत हं. एकदा लागल्या की सुटत नाहीत. चार दिवस घरी ये, बरं वाटेल." जिममधला दादा सांगतो, "काय नाय होत, रोज पाच किलोमीटर पळ." एक रील सांगतं की सेरोटोनिन वगैरे सगळी औषध कंपन्यांची थाप आहे. त्याच्या खालचंच रील तितक्याच ठामपणे सांगतं की मधुमेहाला जशी इन्सुलिन, तशी डिप्रेशनला ही गोळी.

गंमत म्हणजे या पाचही जणांच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे. म्हणूनच गोंधळ होतो. पण प्रश्न पडणं चुकीचं नाही. डोक्यावर परिणाम करणारं औषध काही महिने घ्यायचं असेल तर "खरंच लागतं का?" असं विचारलंच पाहिजे. फक्त ते रीलला न विचारता ज्यांनी चिठ्ठी लिहिली त्यांना विचारायला हवं, आणि विचारण्याआधी आपल्याला थोडी माहिती हवी.

सुरुवात त्या शब्दापासूनच करू. "पेपर टफ गेला, फुल डिप्रेशनमध्ये आहे" असं आपण सहज म्हणतो. ब्रेकअप झालं, केटी लागली, प्लेसमेंटच्या यादीत नाव नाही, की मन खचतंच. ते खचायलाच हवं. त्यावर गोळी नसते आणि नसावीही. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्याची मोजपट्टी वेगळी आहे. उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, या दोनपैकी एक तरी लक्षण हवं. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार यातली इतर लक्षणं. एकूण नऊपैकी किमान पाच, आणि तीही सलग दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ. शिवाय रोजचं आयुष्य अडायला हवं. म्हणजे लेक्चर बुडतायत, मेसला जावंसं वाटत नाही, तीन दिवस अंघोळ नाही, आवडत्या टीमची मॅच चालू आहे आणि स्कोअरही बघावासा वाटत नाही.

या नऊ लक्षणांवर बेतलेली एक साधी प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र आणि वीसच्या पुढे तीव्र असं ढोबळ वर्गीकरण. जगभर वापरतात, मराठीतही आहे. पण ही चाळणी आहे, निदान नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्री भरली तर निम्म्या वर्गाचा आकडा दहाच्या वर जाईल! महिन्याभराच्या अंतराने दोनदा भरली आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवले तर मात्र बोलणं एकदम मुद्द्यावर येतं.

आधी बाकीचं तपासलं का?

गोळीच्या आधी आणखी काही प्रश्न येतात, आणि घाईच्या ओपीडीत नेमके तेच राहून जातात. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त, उदास, जड होतो. हिमोग्लोबिन आणि बी-१२ कमी असलं तरी थकवा आणि चिडचिड असतेच. मेसचं एकसुरी जेवण आणि मासिक पाळी या दोन कारणांनी कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन खालीच असतं. एवढ्या रक्ताच्या तपासण्या कुठल्याही लॅबमध्ये होतात. मुरुमांसाठी घेतलेली आयसोट्रेटिनॉइन किंवा कशासाठी तरी चालू असलेली स्टिरॉइड्स यांचाही मूडवर परिणाम होऊ शकतो. तेव्हा चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगायची. दारू आणि गांजा किती चालतो हेही. ते तुमच्या घरी फोन करायला बसलेले नसतात.

आणि एक प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की सलग चार-पाच दिवस जेमतेम तीन तास झोपूनही थकवा नाही, डोक्यात कल्पनांचा पाऊस, बोलणं सुसाट, पैसे उधळले, आणि मित्र म्हणाले की "तू आज तू वाटत नाहीस"? असं झालं असेल तर आजार डिप्रेशन नसून बायपोलर असू शकतो. त्यात नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतो. औषध बदलतं. म्हणून डॉक्टरांनी हे विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं.

हे सगळं झाल्यावरही डिप्रेशन आहे असं ठरलं, तर मग गोळी? इथे उत्तर तीव्रतेवर ठरतं.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक मोठं विश्लेषण आलं. ५२२ चाचण्या, २१ औषधं, एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण. निष्कर्ष असा की सगळीच औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा, म्हणजे प्लासिबोपेक्षा सरस ठरली. फरक मात्र सरासरीने माफकच होता. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात दिसलं होतं की सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये औषध आणि प्लासिबो यांच्यातलं अंतर फार थोडं असतं, आणि आजार जसजसा तीव्र तसतसं ते वाढत जातं. म्हणजे "गोळ्यांनी काही होत नाही" हेही चूक आणि "गोळीशिवाय बरं होत नाही" हेही चूक. ब्रिटनमध्ये डॉक्टरांसाठी जी अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २०२२ च्या आवृत्तीत तर स्पष्ट म्हटलंय की कमी तीव्र डिप्रेशनमध्ये पहिला उपाय म्हणून सरसकट गोळ्या सुचवू नयेत, रुग्णालाच त्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी.

रीलवाल्या सेरोटोनिनचं काय? २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की डिप्रेशन सेरोटोनिन कमी झाल्यामुळे होतं याला ठोस पुरावा सापडत नाही. हे खरं आहे. 'मेंदूतलं केमिकल कमी झालंय' ही गोष्ट समजावायला सोपी होती, म्हणून ती फार पसरली. पण त्यावरून गोळी निरुपयोगी ठरत नाही. ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येत नाही, तरी पॅरासिटामॉलने उतरतो. मुळात ही औषधं सापडली तीच अपघाताने. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका हॉस्पिटलात क्षयरोगासाठी इप्रोनियाझिड देऊन पाहत होते, तर खंगलेले रुग्ण अचानक उत्साहात दिसू लागले. 'का' हा प्रश्न मागाहून आला, आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

गोव्यातली आठ भेटींची गोष्ट

गोळी नको तर मग काय? "छंद जोपास, पॉझिटिव्ह राहा" हा सल्ला ऐकून तर आणखी डिप्रेशन येतं. त्यापेक्षा शेजारच्या गोव्यात काय झालं ते बघा.

डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. पीएचक्यू-९ वर १४ च्या वर गुण असलेले, म्हणजे बऱ्यापैकी आजारी असलेले ४९५ जण निवडले. निम्म्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. निम्म्यांना त्याबरोबर समुपदेशनाच्या सहा ते आठ भेटी. समुपदेशक कोण? मानसशास्त्राची पदवी नसलेली, त्याच भागातली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. बालपणीच्या जखमा उकरणं नाही, सोफ्यावर आडवं होणं नाही. उपचाराचा गाभा असा, की मन लागेल तेव्हा कामं करू असं म्हणून थांबायचं नाही, तर आधी छोटी कामं ठरवून करायची आणि त्यातून मूड हलतो का ते बघायचं. सकाळी अमुक वाजता उठून दारापर्यंत जायचं. एका मैत्रिणीला फोन. डोक्यात घोळणारा एक प्रश्न घेऊन त्याचे तुकडे करायचे. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जण आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. हे 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली छापून आलं.

जिममधल्या दादाचं तथ्य इथे आहे. पळण्याचा, चालण्याचा उपयोग होतोच. पण अंथरुणातून उठता न येणाऱ्याला "पाच किलोमीटर पळ" सांगणं आणि "आज फक्त बूट घाल, उद्याचं उद्या बघू" सांगणं यात फरक आहे.

सौम्य ते मध्यम त्रासात म्हणूनच आधी समुपदेशन, झोपेचं वेळापत्रक आणि हालचाल हा मार्ग धरून चार ते सहा आठवडे थांबून बघणं पूर्ण शहाणपणाचं आहे. डॉक्टरांना तसं विचारा, "सर, महिनाभर आधी थेरपी करून बघू का? नाही जमलं तर परत येते." बहुतेक चांगले डॉक्टर हो म्हणतील. नाही म्हणाले तर का ते सांगतील.

आणि ते 'का' ऐकण्यासारखं असतं. त्रास तीव्र असेल, जेवण-झोप पार कोसळलेली असेल, आधी एकदा डिप्रेशन येऊन गेलेलं असेल, भास होत असतील, थेरपीला बसण्याइतकंही डोकं चालत नसेल, तर गोळी टाळणं म्हणजे पाय मोडल्यावर प्लास्टर नको, व्यायाम करतो म्हणण्यासारखं आहे. दीपिका पदुकोणने २०१५ मध्ये आपल्या आजाराबद्दल जाहीरपणे सांगितलं तेव्हाचा क्रम आठवा. आधी समुपदेशन घेतलं, त्याचा काही प्रमाणात उपयोग झाला, मग औषधं घेतली. दोन्ही एकत्र हा तीव्र डिप्रेशनमधला सर्वात भरवशाचा मार्ग मानला जातो. आणि जगणं नको, स्वतःला संपवावं असे विचार येत असतील तर हा सगळा तराजू बाजूला ठेवा. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा. रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ मध्ये, दिसलं होतं की डिप्रेशन असलेल्या दर शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांना उपचारच मिळत नाहीत. त्यामुळे 'आजकाल सगळ्यांना गोळ्या देतात' हे वाक्य ऐकलं की मला जरा हसू येतं. काहींना गरज नसताना मिळतात, हे खरं. पण बहुतेकांना गरज असताना मिळत नाहीत.

'सवय लागते' म्हणजे नक्की कशाची?

आता आईचा मुद्दा. तो हसण्यावारी नेऊ नका, कारण तिने शेजारच्या काकूंना वर्षानुवर्षं गोळीशिवाय झोप न लागताना पाहिलेलं असतं. पण काकूंची गोळी बहुधा वेगळी असते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ही झोपेची आणि घबराट कमी करणारी औषधं. अर्ध्या-एक तासात शांत वाटतं, आणि काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय लागू शकते. एस्सिटॅलोप्रॅम, सरट्रॅलिन, फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची औषधं. यांनी तासाभरात काहीच वाटत नाही, दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहासुद्धा. यांची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा असं वाटत नाही.

घोळ असा की आपल्याकडे दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेल्या स्ट्रिप्स सर्रास मिळतात. म्हणून स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातली नावं वाचा. क्लोनाझेपाम दिसलं तर थेट विचारा, "ही किती दिवस घ्यायची आणि कधी बंद होणार?" थोड्या दिवसांसाठी, सुरुवातीची घबराट आवरायला ती देतात, यात गैर नाही. त्या 'थोड्या दिवसांची' तारीख मात्र चिठ्ठीवर हवी. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवाल्या काकांकडून तीच गोळी सहा महिने आणत राहणं, हा सवयीचा खरा रस्ता.

डिप्रेशनच्या गोळीची तलफ नसली तरी ती एकदम सोडली तर शरीर कुरकुरतं. चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना. काही औषधांत हे जास्त, फ्लुओक्सेटिन शरीरातून हळूहळू जातं म्हणून त्यात कमी. पुष्कळांना वाटतं की आजारच उलटला. तसं असेलच असं नाही, डोस पायरीपायरीने न उतरवल्याचा तो परिणाम असू शकतो.

दुष्परिणामांबद्दलही मोकळेपणाने बोलू. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, झोपेचा गोंधळ हे नेहमीचं, आणि बहुतेकांत ते ओसरतं. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा सुख मिळायला उशीर लागणं हेही बऱ्याच जणांना होतं, आणि त्याबद्दल ओपीडीत कुणी तोंड उघडत नाही. मग गोळी गुपचूप बंद होते. काहींना भावना बोथट वाटतात, ना धड रडू येत ना हसू. हे सगळं सांगितलं तर डोस किंवा औषध बदलता येतं. न सांगता सोडलं तर 'मला औषध लागू पडत नाही' असा चुकीचा शिक्का बसतो.

आपल्या वयाची एक खास गोष्ट आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये लहान मुलं आणि किशोरांसाठी या औषधांच्या पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला, आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. मुलांच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तशा कृती औषध घेणाऱ्यांत सुमारे चार टक्के आणि प्लासिबोवाल्यांत दोन टक्के दिसल्या होत्या. त्या चाचण्यांत एकही मृत्यू झाला नव्हता. याचा अर्थ औषध घेऊ नका असा होत नाही, कारण उपचार न केलेलं डिप्रेशन स्वतःच मोठा धोका आहे. अर्थ असा, की सुरुवातीचे काही आठवडे एकट्याने काढायचे नाहीत. रूममेटला सांगून ठेवा, "मी गोळी सुरू केलीय, मी फार अस्वस्थ, विचित्र वागले तर मला हाताला धरून डॉक्टरकडे ने." आणि डॉक्टरची पुढची तारीख एक-दोन आठवड्यांनीच मागा. "महिन्याने या" म्हणाले तरी.

आता व्यवहाराचं. गोळी लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, गोळी नाही. पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडली, कुणी काही विचारलंच नाही, तर दुसरं मत घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही. खासगी फी परवडत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून अशा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही चौकशी करा. रांग मोठी असते, डबा घेऊन जा. फ्लुओक्सेटिन आणि एस्सिटॅलोप्रॅम देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि जेनेरिक घेतली तर पैशांसाठी अडायला होत नाही.

घरी कळेल का, ही भीती खरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. अठरा पूर्ण झाले असतील तर साध्या ओपीडी उपचारासाठी पालकांची सही लागत नाही. तरी घरातलं एक माणूस विश्वासात असेल तर बरं पडतं. आईच हवी असं नाही, मामा, आत्या, मोठी ताई, कुणीही. पहिल्या पंधरा दिवसांत मळमळ होत असताना "जेवलीस का?" विचारणारं कुणी तरी लागतं.

एकदा बरं वाटायला लागलं की गोळी विसरायला होते. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवायला सांगतात, कारण मध्येच सोडल्यास आजार परतण्याची शक्यता जास्त. मग काही आठवडे किंवा महिने घेत डोस उतरवायचा. हा उतार कधी सुरू करायचा ते डॉक्टरांशी बोलताना कॉलेजचं कॅलेंडर सोबत न्या. सबमिशन्स आणि ओरल्सचा महिना नको, इंटर्नशिपचा पहिला आठवडा नको, हॉस्टेल बदलत असाल तो काळही नको. सेमिस्टरचा सुरुवातीचा, जरा निवांत महिना मिळतोय का बघा, आणि त्या महिन्यात झोप कशी आहे, जेवण कसं आहे, एवढं वहीच्या मागच्या पानावर रोज एका ओळीत लिहून ठेवा. पुढच्या भेटीला डॉक्टर तेच विचारणार आहेत.